सिंदखेडचा वाडा आणि त्यांतील माणसें

जालन्याहून मेहकरकडे जाणाऱ्या रस्त्यानें बुलढाणा जिल्ह्यांत प्रवेश केला म्हणजे थोड्याच वेळांत सिंदखेड राजा हें गांव लागतें. गांवांत रस्त्याच्या कडेलाच एक भव्य दरवाजा उभा आहे. दरवाजाच्या मानानें आंत फारच थोडें उरलें आहे: पडक्या भिंती, जोतीं, आणि ज्या ठिकाणीं जिजाबाईंचा जन्म झाला असें सांगतात ती जागा. ह्या जागेला लोक म्हाळसा महाल म्हणतात. पाहुणा तेथें नमस्कार करतो आणि दहा मिनिटांत बाहेर पडतो. वाड्याविषयीं आणखी कांहीं विचारावें, येथें मागाहून कोण राहिलें, वाडा कोणाच्या हातून कोणाच्या हातीं गेला, हें बहुधा त्याच्या मनांत येत नाहीं.

आपल्या महोत्सवी अंकांत धर्मग्रामाचा इतिहास येईलच. परंतु आपण ज्या जिल्ह्यांत राहतों त्या जिल्ह्यांतील एका जुन्या घराचीही हकीकत ह्या पानांत असावी, असें आम्हांस वाटलें. नवें घर बांधलें म्हणजे आपण धर्मगुरूंना बोलावून त्यावर आशीर्वाद मागतों, तो विटांसाठीं नव्हे, आंत राहणाऱ्यांसाठीं. तेव्हां सिंदखेडच्या वाड्याकडेही राहणाऱ्यांच्या बाजूनें पाहूं. तसें पाहिलें असतां एक चमत्कारिक गोष्ट ध्यानांत येते. ह्या घराला जें नांव मिळालें तें घर सोडून गेलेल्या मुलीमुळें मिळालें. आणि ज्यांनीं घर व वतन राखण्याकरितां सर्व कांहीं केलें त्यांच्या हातीं शेवटीं दोहोंपैकीं एकही राहिलें नाहीं.

हा वाडा जाधवांचा. देवगिरीच्या यादवांचे आपण वंशज, असें हें घराणें सांगत आलें आहे. सोळाव्या शतकाच्या अखेरीस लखुजीराव जाधव हे सिंदखेडचे देशमुख आणि अहमदनगरच्या निजामशाहींतील मोठे सरदार होते. देशमुखाचा वाडा म्हणजे निव्वळ राहण्याचें घर नव्हे. परगण्याचा वसूल गोळा करणें, गांवोगांवच्या पाटलांचे तंटे ऐकणें, बादशाही फर्मान आलें कीं स्वार घेऊन निघणें, हीं सारीं कामें वाड्यांतूनच चालत. देवडीवर पहारेकरी, बाहेरच्या चौकांत कारकून आणि त्यांचीं दफ्तरें, पागेंत घोडे व मोतद्दार, आंतल्या चौकांत बायकामुलें, आणि जमिनीखालच्या पेवांत धान्य, अशी त्या काळच्या मातबर वाड्यांची साधारण रचना असे. दळण कांडण करणाऱ्या, पाणी भरणाऱ्या कुणबिणीही तेथेंच राहत. त्यांतील कित्येक विकत घेतलेल्या असत. त्यांचीं नांवें कोणत्याही बखरींत नाहींत. परंतु एखाद्या वाड्यांत राहिलेल्या माणसांची मोजदाद करावयाची झाली तर धन्यांपेक्षां हींच माणसें अधिक भरतील.

जाधवांनीं गांवही सजविलें. मोती तलाव व चांदणी तलाव, पुतळा बारव नांवाची मूर्तींनीं नटलेली विहीर, काळाकोटाच्या जाड भिंती आणि रंगमहाल हें सर्व आजही तेथें पाहावयास मिळतें. बालाघाटाच्या ह्या कोरड्या मुलखांत तलाव बांधणारा धनी रयतेच्या स्मरणांत राहतो, मग त्याची चाकरी कोणत्या दरबारीं होती हें ती विसरली तरी हरकत नाहीं.

जिजाबाईंच्या जन्माची तारीख परंपरेनें १२ जानेवारी १५९८ अशी मानतात. आपल्या वाचकांस काळाचें मान ध्यानांत येण्यासाठीं एवढेंच सांगतों कीं, गोव्यांत फादर थॉमस स्टीफन्स यांचें मराठी ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ सालीं छापून निघालें तेव्हां ही मुलगी अठरा वर्षांची, भोसल्यांच्या घरची सून होती.

भोसल्यांशीं सोयरीक कशी जुळली ह्याची बखरींतील कथा सर्वांच्या परिचयाची आहे. रंगपंचमीचा समारंभ होता. वेरूळचे मालोजी भोसले आपल्या लहान मुलास, शहाजीस, घेऊन आले होते. मुलांनीं एकमेकांवर रंग उडविला आणि लखुजीराव सहज बोलून गेले कीं, जोडा कसा शोभतो! मालोजींनीं तो शब्द धरला व भर सभेंत सोयरीक ठरल्याचें जाहीर केलें. लखुजींच्या पत्नी म्हाळसाबाईंस हें रुचलें नाहीं. भोसले आमच्या तोलाचे नव्हेत, असें त्या म्हणाल्या. रंगमहाल दाखवितांना ही कथा आजही सांगतात. इतिहासकारांनीं तिच्यावर शंका घेतली आहे आणि आम्हांसही ती जशीच्या तशी खरी वाटत नाहीं. दोन लष्करी घराण्यांतील लग्नें थट्टेवर ठरत नसत. तथापि कथेंत एक खरी गोष्ट उतरली आहे, ती म्हणजे जाधवांचा अभिमान. भोसले त्या वेळीं चढते होते, जाधव चढलेले होते. आणि चढलेल्याला चढत्याचा शेजार नेहमींच अवघड वाटतो.

हा अवघडपणा पुढें रक्तावर गेला. दौलताबादेस दरबार सुटून सरदार बाहेर पडत असतां खंडागळे नांवाच्या सरदाराचा हत्ती बेफाम झाला. त्याला आवरण्यावरून चकमक उडाली. तींत जाधव एका बाजूस व भोसले दुसऱ्या बाजूस पडले. लखुजींचे पुत्र दत्ताजी मारले गेले आणि शहाजींचे चुलतभाऊ संभाजी हेही पडले. स्वतः शहाजीही जखमी झाले असें सांगतात. वाड्यांतील स्त्रियांच्या दृष्टीनें ह्या प्रसंगाकडे पाहिलें म्हणजे त्याची भीषणता कळते. भाऊ गेला तो सासरच्या माणसांशीं लढतांना. दीर गेला तो माहेरच्यांच्या हातून. जिजाबाईंनीं कोणाच्या नांवानें रडावें?

लवकरच दोन्हीं घरांच्या वाटा उघड वेगळ्या झाल्या. १६२१ च्या सुमारास लखुजीराव निजामशाही सोडून मोगलांस मिळाले. मोगलांनीं त्यांच्या एकंदर कुटुंबास मिळून चोवीस हजारांची मनसब व पंधरा हजार स्वारांचा दर्जा दिला. दक्षिणेंतील एका देशमुखाच्या घराला एवढा मान क्वचितच लाभला असेल. १६२४ सालीं भातवडीच्या लढाईंत मलिक अंबराच्या फौजेंत जांवई शहाजी लढत होते आणि मोगलांच्या फौजेंत सासरे लखुजी होते. मलिक अंबर जिंकला, मोगलांचा मोड झाला.

ह्या पक्षांतराबद्दल लखुजींस दोष देणारे लेखक पुष्कळ आहेत. आमचें मत थोडें निराळें आहे. त्या काळचा देशमुख तख्ताशीं नव्हे, वतनाशीं एकनिष्ठ असे. अहमदनगर, विजापूर आणि दिल्ली अशा तीन सत्तांच्या घोड्यांच्या टापांखालीं ज्याचा परगणा दरसाल तुडवला जात होता, त्याला प्रत्येक वेळीं एकच प्रश्न पडे: उद्यां कोणाच्या सनदेनें माझें घर माझ्याकडे राहील? लखुजींनीं ह्या प्रश्नाचें उत्तर आयुष्यांत दोनदां बदललें. पहिल्यानें ते मोगलांकडे गेले आणि कांहीं वर्षांनीं पुन्हां निजामशाहीकडे परतले. दुसरें उत्तर त्यांस प्राणाला मुकविणारें ठरलें.

२५ जुलै १६२९ हा तो दिवस. लखुजीराव आपले पुत्र अचलोजी व राघोजी आणि नातू यशवंतराव यांसह दौलताबादच्या किल्ल्यांत निजामशाहाच्या मुजऱ्यास गेले. तेथें दगा झाला. चौघेही दरबारांतच मारले गेले. बाप, दोन मुलगे, नातू, असे एका घरांतील तीन पिढ्यांचे पुरुष एका घटकेंत नाहींसे झाले. आधींच मारल्या गेलेल्या दत्ताजींचा हा यशवंतराव मुलगा होता, हें लक्षांत घेतलें म्हणजे त्या घरावर काय कोसळलें ह्याची कल्पना येईल.

ही बातमी कळतांच लखुजींच्या पत्नी, बंधु जगदेवराव आणि वाचलेले पुत्र बहादुरजी दौलताबादेहून निसटून सिंदखेडास आले. वाड्यानें पाहिलेल्या साऱ्या दिवसांत आम्हांस हा दिवस सर्वांत जड वाटतो. ज्या देवडींतून चौघे बाहेर पडले होते त्याच देवडींतून एक विधवा आंत आली. शोक करावयास सवड नव्हती. निजामशाहाचा वैरी झालेल्या घराला आश्रय हवा होता आणि तो देऊं शकणारी सत्ता एकच होती. जगदेवराव व बहादुरजी मोगल बादशाह शहाजहानच्या पदरीं गेले. वाडा वांचला, वतन वांचलें. परंतु ह्या क्षणापासून सिंदखेडचे जाधव दिल्लीचे चाकर झाले, आणि घराची पुढली दीडशें वर्षें ह्या एका निर्णयानें ठरून गेलीं.

त्याच वेळीं घरची लेक शिवनेरीकडे होती आणि तिला दिवस गेले होते. बाप व भाऊ गेल्यानंतर सात महिन्यांच्या आंतच, १९ फेब्रुवारी १६३० रोजीं, शिवाजी महाराजांचा जन्म झाला. त्यापाठोपाठ १६३० ते १६३२ चा भयंकर दुष्काळ दक्षिणेंत पडला. माहेर बादशाहाच्या चाकरींत, पति लढाईंच्या धांवपळींत, मुलूख उजाड, अशा स्थितींत त्या बाईनें मूल वाढविलें. बादशाहाच्या मर्जीवर उभें असलेलें घर कसें एका सकाळीं मोडतें, हें तिनें पुस्तकांत वाचलें नव्हतें. पुढें पुत्राला स्वतःचें राज्य उभारतांना तिनें जें पाठबळ दिलें त्याचें मूळ शोधणाऱ्यांनीं रामायण-महाभारताच्या कथांकडे अवश्य पाहावें. पण दौलताबादच्या त्या दरबाराकडेही पाहावें.

येथें आपल्या वाचकांसाठीं एक आडगोष्ट. १६६४ सालीं शिवाजी महाराजांनीं सुरत लुटली तेव्हां तेथील कपुचिन पंथाचे फादर अँब्रोज यांच्या निवासाला त्यांनीं हात लावूं दिला नाहीं, असें बर्निये ह्या फ्रेंच प्रवाशानें लिहून ठेवलें आहे. शहर जळत असतांही एक पाद्र्याचें घर सुरक्षित राहिलें. घराचें घरपण काय असतें, हें ज्या मातेच्या मुखांतून तो पुत्र शिकला ती सिंदखेडच्या मोडलेल्या घरांतली होती. असो.

६ जून १६७४ रोजीं रायगडावर राज्याभिषेक झाला आणि १७ जून रोजीं जिजाबाईंनीं गडाखालीं पाचाड येथें देह ठेवला. तेथेंही त्यांचा वाडा होता. त्याचेही अवशेष आज उभे आहेत. जन्माचा वाडा वऱ्हाडांत, मृत्यूचा कोंकणांत.

सगळेच जाधव मोगलांकडे राहिले असें मात्र नाहीं. मारल्या गेलेल्या अचलोजींची शाखा जिजाबाईंच्या आश्रयानें वाढली, आणि राजाराम महाराजांच्या काळीं औरंगजेबाच्या छावणीची झोंप उडविणारे सेनापति धनाजी जाधव हे ह्याच शाखेंतले मानले जातात. म्हणजे एका भावाचा वंश वाडा सांभाळून बसला आणि दुसऱ्या भावाचा वंश आत्याच्या मागोमाग गेला. विचित्र असें कीं, धनाजींचे पुत्र चंद्रसेन हे पुढें शाहू महाराजांशीं बिनसून अखेर निजामाकडे गेले. चाकरीची जुनी संवय रक्तांतून लवकर जात नाहीं, असें ह्या घराण्याचा इतिहास वाचतांना वारंवार मनांत येतें.

ह्या घरानें भोसल्यांना दुसरीही एक मुलगी दिली, तिची आठवण कोणी काढीत नाहीं. संभाजी महाराजांचे पुत्र शाहू हे औरंगजेबाच्या कैदेंत वाढले. बादशाहानें छावणींतच त्यांचीं लग्नें लावलीं. एक वधू कण्हेरखेडच्या शिंद्यांची, दुसरी सिंदखेडच्या जाधवांची. दोन्हीं घराणीं बादशाही चाकरींतलीं म्हणून निवडलेलीं. पहिली मुलगी भोसल्यांकडे गेली ती बखरींच्या म्हणण्याप्रमाणें वडिलांच्या तोंडून निसटलेल्या एका शब्दामुळें; दुसरी गेली ती बादशाहाच्या हुकमानें. तिला कैद्याची पत्नी होण्याविषयीं काय वाटलें हें विचारण्याची त्या काळीं पद्धत नव्हती.

अठराव्या शतकांत सिंदखेडच्या अवतीभोंवतीं लढायाच लढाया झाल्या. १७२४ सालीं जवळच्या साखरखेर्ड्यास निजामउल्मुल्कानें मुबारिजखानाचा पाडाव करून त्यास ठार मारलें, दक्षिणेंत आपलें स्वतंत्र राज्य पक्कें केलें आणि त्या गांवास फत्तेखेडा असें नांव दिलें. सिंदखेडचे जाधव आतां दिल्लीऐवजीं निजामाचे झाले. धनी बदलला, देवडी तीच.

आणि मग १७५७ साल उजाडलें. पेशव्यांचे पुत्र विश्वासराव आणि दत्ताजी शिंदे मराठी फौज घेऊन निजामावर चालून आले. निजामाचे सरदार रामचंद्र जाधव हे त्या वेळीं सिंदखेडचे धनी. मराठ्यांनीं त्यांना सिंदखेडांतच वेढलें. ज्या राज्याचें बीज ह्या वाड्यांत जन्मलेल्या मुलीनें जोपासलें त्याच राज्याच्या फौजा ह्या गांवाच्या वेशीवर आल्या आणि वेशीच्या आंत तिच्याच भावकीचीं माणसें शत्रु म्हणून उभीं होतीं! निजामअल्ली सोडवणुकीस धांवून आला. डिसेंबरांत लढाई झाली आणि शेवटीं निजामाला पंचवीस लाखांचा मुलूख व नळदुर्गचा किल्ला देऊन तह करावा लागला. इतिहासाच्या पुस्तकांत ही लढाई मराठ्यांच्या विजयांत गणली जाते आणि तें योग्यच आहे. परंतु वाड्याचा इतिहास लिहिणाऱ्यास ती विजय म्हणून लिहितां येत नाहीं, पराभव म्हणूनही लिहितां येत नाहीं.

त्यानंतरचें थोडक्यांत सांगतां येईल, कारण तें उतरणीचें आहे. १८०३ सालीं असईची लढाई जिंकलेला इंग्रज सेनापति वेलस्ली पुढल्याच जानेवारींत ह्या भागांतून लिहितो कीं, सिंदखेड हें चोरांचें घरटें झालें आहे, माणसें शेंकड्यांनीं उपाशीं मरत आहेत, आणि त्यांना साह्य करील असें सरकारच कोठें नाहीं. पेंवें भरलेल्या वाड्याच्या दारांत दोनशें वर्षांनीं ही अवकळा आली. घराण्याचें मुख्य ठाणें तोंवर देऊळगांव राजा येथें गेलें होतें; तेथील बालाजीचें देवस्थान जाधवांच्याच आश्रयानें वाढलें. दोन्हीं गांवांच्या नांवांस चिकटलेलें ‘राजा’ हें पद ह्याच घराण्याचें. १८५१ सालीं जाधवांच्या पदरीं असलेल्या अरब शिपायांनीं निजामाच्या फौजेशीं झुंज घेतली. त्याची शिक्षा घराण्यास झाली. वंशपरंपरेची जहागीर जप्त झाली आणि त्या वेळचे प्रमुख बाजीराव जाधव १८५६ सालीं राजबंदी म्हणूनच वारले. दरम्यान १८५३ सालीं वऱ्हाड प्रांत निजामानें इंग्रजांच्या हवालीं केला होता. ज्या वतनासाठीं लखुजींनीं दोनदां धनी बदलला आणि जगदेवरावांनीं सूड गिळला, तें वतन अशा रीतीनें पदरच्याच नोकरांच्या बंडाळींत गेलें.

आज १२ जानेवारीस सिंदखेड राजास मोठा मेळा भरतो. भल्या पहाटेपासून जन्मस्थानापाशीं रांगा लागतात; दूरदूरच्या जिल्ह्यांतून स्त्रिया मुलींना घेऊन येतात. मुंबई-नागपूर समृद्धि महामार्ग जवळून गेल्यापासून येणें जाणें आणखी सोपें झालें आहे. तेथें कोणी गेल्यास आमची एवढीच सूचना आहे कीं, जन्मस्थान पाहून परत फिरूं नये. गांवांतच लखुजीरावांची समाधि आहे, मोठ्या घुमटाची. ज्या सुलतानांच्या चाकरींत हें घर वाढलें आणि मोडलें त्यांच्याच इमारतींचा तो घुमट आठवण करून देतो.

ह्या समाधीच्या परिसरांत २०२४ सालीं पुरातत्त्व खात्याचें दुरुस्तीचें काम चालू असतां कांहीं घडीव दगड दिसले. खणत गेल्यावर आधीं एका शिवमंदिराचा तळ लागला आणि मग सव्वा दोन मीटर खोलीवर शेषशायी विष्णूची दगडी मूर्ति सांपडली, सुमारें पावणेदोन मीटर लांब व एक मीटर उंच. मूर्ति जाधवांच्या कितीतरी आधींची आहे. लखुजींना जेथें अग्नि देऊन त्यांच्यावर घुमट उभारला त्या जमिनीखालीं दुसऱ्याच कोणाचें तरी गांव, दुसऱ्याच कोणाचें तरी देऊळ होतें, आणि तेथें दिवा लावणाऱ्यांचीं घरेंही जवळपासच कोठें तरी असलीं पाहिजेत.